बरगा काढायच्या आधी

माझं ॲप कधी बंद पडत नाही, हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की आता आठवलं तरी माझीच मला लाज वाटते. लग्नाच्या पंगतीत ऐकवलंय, भाजी निवडता निवडता भाजीवालीला ऐकवलंय. दाताच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात हत्यार घातलं नसतं तर त्यालाही ऐकवलं असतं. माणसाला कशाचा तरी माज असतो, मला याचा होता.

मंगळवार पेठेत आमच्या माडीवर एक खोली आहे. तिथं एक टेबल, दोन स्क्रीन, एक इन्व्हर्टर आणि मी. कोल्हापुरातल्या पाच-सहा संस्थांची कामं मी एकटी बघते. त्यातलं एक मुलींच्या वसतिगृहाचं. खेड्यातली पोरगी बारावी होऊन शहरात शिकायला निघाली की घरचे पहिलं विचारतात ते कॉलेजचं नव्हे, राहणार कुठं ते. या वसतिगृहात राहण्या-जेवणाची सोय आहे, खाटा चाळीस. अर्ज ऑनलाइन भरायचा. ज्या पहिल्या चाळीस जणींचे अर्ज दाखल्यांसकट पूर्ण होतील त्यांना जागा, बाकीच्यांनी दुसरं बघायचं. नियम संस्थेचा, पण तो राबवणारा प्रोग्रॅम माझा.

अर्ज सुरू व्हायची तारीख दरवर्षी एकच असते, अध्यक्षांचा वाढदिवस. आमच्या गावात वाढदिवस म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. चौकाचौकात फलक लागतात, त्यावर साहेब गॉगल लावून उभे, खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट साइजची तोंडं. संस्थेनं त्यात भर घातली होती, वाढदिवसाचं औचित्य साधून प्रवेश अर्ज सुरू.

आता ॲप बंद पडत नाही म्हणजे काय, ते सांगते. आधी प्रोग्रॅममध्ये कसलाही बदल केला की तो एकदा बंद करून परत चालू करावा लागायचा. त्या मिनिटभरात जो येईल त्याच्यापुढं पांढरं पान. मला शिव्या बसायच्या. मग मी शिकले. दारात एक वॉचमन बसवल्यासारखी सोय करायची. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडं येतो आणि तो त्याला आत प्रोग्रॅमच्या एखाद्या प्रतीकडं पाठवतो. बदल करायचा झाला की आत नव्या प्रती उभ्या करायच्या आणि वॉचमनला सांगायचं, इथून पुढं येतील ते नव्यांकडं पाठव. जुन्यांना सांगायचं, हातातलं काम उरका आणि निघा. बाहेरच्याला कळतसुद्धा नाही.

पण एखादी जुनी प्रत काम उरकतच बसली तर? म्हणून मुदत घालायची. तेवढ्या वेळात जे उरकलं नाही ते तोडायचं आणि पुढं जायचं. मी तीस सेकंद घातले होते. तीसच का, तर त्याला काही कारण नाही. सगळे तीस घालतात, मीही घातले. माझ्या माडीवर, माझ्या तारेच्या इंटरनेटवर एक दाखला दोन सेकंदांत वर चढतो. तीस म्हणजे मला चैन वाटली होती.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्या दिवशी सकाळी दहाला अर्ज सुरू झाले. सव्वादहाच्या पुढं संस्थेच्या मॅनेजरचा फोन आला. साहेबांचा नवा फोटो पाठवलाय, तो पहिल्या पानावर टाका. मी म्हटलं, आठवडाभर मागत होते तेव्हा कुठं होता फोटो? तर म्हणे स्टुडिओवाल्यानं आत्ता दिला. साहेब अकराला केक कापायला येणार, भिंतीवर मोठा पडदा लावलाय, त्यावर साइट दाखवायची, आणि साइटवर साहेबांचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो. "माझी काय गत हुईल मॅडम, तुमीच सांगा की."

फोटो बदलायचा म्हणजे प्रोग्रॅमच बदलायचा, अशी ती रचना होती. आळस माझा, दुसरं काय. अर्ज चालू आहेत, दुपारी टाकते, एवढं म्हणायला माझी जीभ झडली नसती. पण मी म्हटलं, पाच मिनिटांत टाकते, आपलं ॲप काय बंद पडतंय होय! आणि टाकला. स्क्रीनवर सगळं हिरवं. नव्या प्रती उभ्या राहिल्या, जुन्या निघून गेल्या. मी स्वतःवर खूश होऊन चहा टाकायला खाली गेले.

मदतीसाठी म्हणून त्या पानावर माझाच नंबर असतो. चहाचा कप हातात असताना फोन वाजला. एक मुलगी बोलत होती, मागं वाऱ्याचा आवाज. दाखले वर चढत होते, पाच चढले होते, सहावा चढता चढता पान एकदम पहिल्या जागी गेलं. आता परत मोबाइल नंबर आणि कोड मागतंय. नंबर आप्पांचा दिलाय, कोड त्यांच्या फोनवर जाणार आणि आप्पा नदीच्या बंधाऱ्यावर कामाला गेलेत. पहिला कोड त्यांनी फोनवर सांगितला होता, आता फोन उचलत नाहीत. ती शेजारणीच्या फोनवरून भरत होती. काय करू, असं ती विचारत होती.

आणि मी, स्क्रीनकडं ढुंकूनही न बघता, शंभर वेळा म्हटलंय तेच म्हटलं. "तुमच्याकडच्या नेटचा प्रॉब्लेम असणार. परत भर." वर जरा चिडूनच म्हटलं. ती बरं मॅडम म्हणाली आणि फोन ठेवला.

अकरा वाजायच्या आधीच चाळीस जागा भरल्या.

साडेअकराला तिचा परत फोन. धापा टाकत होती. बंधाऱ्यापर्यंत पळत जाऊन, वडिलांच्या फोनवरचा कोड घेऊन, पळत परत आली होती, तर पान म्हणतंय जागा संपल्या. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "मॅडम, माझं काय चुकलं?"

मी बघते म्हटलं आणि या खेपेला खरंच बघितलं. प्रोग्रॅम आपली रोजनिशी लिहीत असतो. कोण आलं, काय मागितलं, काय झालं. त्यात तिची ओळ सापडली. पाच दाखले पोचले होते, सहावा निम्म्याच्या पुढं आला होता आणि तिथं तोडला होता. वेळ बघितली. फोटोसाठी मी हुकूम दिला तो क्षण आणि ही ओळ, मध्ये बरोबर तीस सेकंद. सेकंदाला सेकंद.

आणि स्क्रीन तेव्हा हिरवी होती. का, तर माझी देखरेख काय करते, दर थोड्या वेळानं पहिल्या पानाला विचारते, आहेस का? ते म्हणतं, आहे. झालं, हिरवा दिवा. आत कोण अडकलंय, हे ती कधी विचारत नव्हती, कारण मी तिला ते विचारायला शिकवलंच नव्हतं. कप्पाळ माझं.

तिची जागा मी दोन मिनिटांत लावू शकत होते. चाळिसांची यादी माझ्याच हातात. शेवटचं नाव काढायचं, हिचं घालायचं, कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी यादी उघडलीही. चाळिसावी मुलगी राधानगरीकडची, वडील नाहीत, अर्जावर आईचा अंगठा. ती माझ्या नव्या प्रतीत आली होती म्हणून वाचली आणि ही जुनीत होती म्हणून गेली. हिला आत घ्यायला तिला बाहेर काढायचं? बोट कीबोर्डवर ठेवून मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग लॅपटॉप मिटला आणि तशीच घरच्या चपलांवर रिक्षा करून संस्थेत गेले.

तिथं केक कापून झाला होता. मी मॅनेजरला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, चूक माझी आहे, एक जागा वाढवा. तो म्हणाला, "चाळीस खाटा हायत मॅडम. एक्केचाळिसावी काय माझ्या डोक्यावर टाकू?" मी अध्यक्षांकडं गेले. माणूस वाईट नाही. सगळं ऐकून घेतलं, पुढच्या वर्षी नक्की बघू म्हणाले आणि माझ्या हातात केकची बशी दिली. त्यांच्या मागं पडद्यावर मी टाकलेला फोटो होता, खरंच चांगला आला होता. आणि मी तो केक खाल्ला. उभ्या उभ्या, चमच्यानं, सगळा. हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढचे काही दिवस मी रोज मॅनेजरला फोन करायचे, कुणी जागा सोडली का? नाही. दुसऱ्या वसतिगृहांना विचारलं, सगळी भरलेली. पोरीला फोन करायचं मात्र धाडस होईना. काय सांगायचं? तुझं नेट चांगलं होतं, तुझा फोन चांगला होता, तुझे दाखले चांगले होते, फक्त मी मागनं दोर कापला? उद्या करू, परवा करू, असं चाललं होतं. भेकड बाई मी, बोलायला तेवढी वाघीण.

शेवटी शेजारणीच्या त्या नंबरावर फोन लावला. तिनं सांगितलं, पोरीचं आता शिक्षण बंद. बापानं सांगितलं, एक अर्ज भरता येत नाही, घाईगडबडीत भलतंच बटण दाबती, ही कॉलेज काय करणार! दाखल्यांसाठी त्यानं तीन दिवस कामावर खाडे केले होते. कॉलेजच्या प्रवेशाची मुदत एका दिवसावर आली होती. तिला विज्ञान शाखेत जागा मिळालीय, पण आता पाठवायचंच नाही म्हणतो, असं ती म्हणाली. मी फोन ठेवला, पायात चपला घातल्या आणि एसटी स्टँड गाठलं.

शिरोळ तालुक्यातलं गाव. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये रस्ता. नदीच्या अंगाला शेवटच्या आळीत त्यांचं घर. दोन खोल्या, दारात तुळस नाही पण जास्वंद फुललेली, आत फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि शेजारी पोरीची बारावीची पुस्तकं दोरीनं बांधून ठेवलेली. रद्दीला बांधतात तशी.

बाप दारातच होता. वाळलेला, उंच माणूस, तळहात फळकुटासारखे. "या पावणं, बसा," म्हणाला. मी वसतिगृहाकडून आलेय म्हटल्यावर त्याचा चेहरा जो उजळला, तो मला आजपण दिसतो.

"जागा मिळाली व्हय?"

नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं. एका दमात, त्याच्याकडं न बघता, जमिनीकडं बघून. पोरगी आतल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. मी म्हटलं, तिनं काही भलतं दाबलं नाही. तिचे दाखले चढत होते, थोडे मंद, पण चढत होते. मी प्रोग्रॅम बदलायला घेतला आणि जे आत होते त्यांना तीस सेकंद दिले. तिला अजून थोडा वेळ लागला असता. मी तोडलं.

त्यानं विचारलं, कशासाठी बदलला? फोटो टाकायला, म्हटलं. कुणाचा? अध्यक्षांचा, वाढदिवस होता त्यांचा.

मला वाटलं आता शिव्या घालील, आणि घातल्या असत्या तर मी त्याच्या पाया पडले असते. पण तो बोलायला लागला तो भलतंच. त्याचा आवाज चढला नाही की उतरला नाही.

"त्या दिशी आमी बंधाऱ्याचं बरगं काढत हुतो, अक्का. पावसाच्या आधी काढाय लागत्यात, न्हाईतर पानी तुंबून बंधारा जायचा." बरगे म्हणजे बंधाऱ्याच्या दारांत बसवलेल्या आडव्या जाड फळ्या, तेवढं मलाही माहीत होतं. त्या काढल्या की अडवलेलं पाणी खाली सुटतं. तो सांगत होता, वरनं पाटबंधारे खात्याच्या साहेबाचे फोनावर फोन येत होते, सोडा, सोडा. पण खाली बायका धुणं धूत असतात, म्हसरं डुंबत असतात. म्हणून आधी एकानं काठाकाठानं हाळी देत जायचं. "शेवटची बाई पिळा घिऊन काठावर येईस्तवर पयला बरगा हालवत न्हाई आमी. सायब वरडूं दे न्हाईतर काय करूं दे. ही पोरगी पळत आली तवा मी हाळीच देत हुतो. हिच्यावर वरडलो, कोड दिला आन परत हाळी द्याय लागलो."

मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. राग नव्हता, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

"तुमच्यात बघत न्हाईत व्हय, आत कोण हाय ते?"

मी सगळ्यांना उत्तरं देणारी बाई. रिक्षावाल्याला देते, मॅनेजरला देते. त्या माणसापुढं मात्र मी रडले. परक्याच्या दारात, पदर नाही म्हणून ओढणीत तोंड घालून, हमसून हमसून रडले. त्यांनी मला रडू दिलं.

माझं रडणं ओसरल्यावर तो पोरीकडं वळला.

"तूच कायतरी दाबलंस म्हणालो हुतो मी."

"व्हय."

"न्हाई दाबलंस."

"न्हाई."

एवढंच. त्या घरात माफी अशीच मागत असावेत. मग त्यानं मला विचारलं, कॉलेजची मुदत कधीपर्यंत? उद्या पाचपर्यंत. वसतिगृहाचं काहीच होत नाही? नाही. मी म्हटलं, माझ्या माडीवर खोली आहे, तिला तिथं ठेवा, माझं काही घ्यायचं नाही. त्यानं मान हलवली. "तुमी सांगाय आलासा, तेवढं पुरं. एसटीनं जाईल." पोरीनं तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि फळीवरची पुस्तकं खाली काढून दोरीची गाठ सोडायला बसली. गाठ पक्की बसली होती, तिला दातांनी सोडवावी लागली.

गोष्ट इथं गोड झाली असं कुणी समजू नका. पोरगी गेलं वर्षभर दोन एसट्या बदलून कॉलेजला येते. पहाटे निघते, दिवेलागणीला घरी पोचते. नदी पात्राबाहेर आली तेव्हा रस्ता बंद, तिची प्रात्यक्षिकं बुडाली, एका विषयात राहिली. हे मला ती सांगत नाही, शेजारीण सांगते. एकदा स्टँडवर दिसली. फलाटाच्या खांबाला टेकून उभ्या उभ्या डुलक्या घेत होती, पाठीवर सॅक. चाळीस खाटांतल्या एका खाटेवर तिनं त्या वेळी लोळत पुस्तक वाचायला हवं होतं. मी पुढं गेले नाही. तिची गाडी लागेपर्यंत लांब उभी राहिले, लागल्यावर ती दचकून जागी होऊन चढली, मग घरी आले.

मी काय केलं, तर तीस सेकंदांची मुदत काढून टाकली. स्क्रीनवर हिरव्या दिव्याशेजारी आता एक आकडा असतो, आत किती जण आहेत त्याचा. तो शून्य झाल्याशिवाय जुनं काही मी हलवत नाही, नवंही काही उभं करत नाही. अर्ज उघडला की त्या क्षणी जागा राखली जाते, दाखले किती का सावकाश चढेनात. हे पटवायला मी संस्थेत दोन तास भांडले. फोटो बदलायचीही वेगळी सोय केली. वर्षभर उशिरा सुचलेलं शहाणपण, कुणाला सांगायच्या लायकीचं नाही.

या जूनमध्ये परत तो दिवस आला. परत चौकात गॉगल, परत पडदा, परत केक. सव्वादहाला फोन. साहेबांना नवं पद मिळालंय, अर्जाच्या पावतीवर त्यांच्या नावाखाली ते आलं पाहिजे, आत्ताच्या आत्ता. पावती प्रोग्रॅमच्या आत, म्हणजे परत तेच. मी म्हटलं, आत माणसं आहेत, ती बाहेर आल्यावर.

आकडा उतरत गेला. बावीस. नऊ. चार. पावणेअकराला एकोणचाळीस अर्ज पूर्ण झाले आणि आकडा एकावर येऊन थांबला. कुणीतरी एकटी राहिली होती. तिचा दाखला चढत होता, मंद, थांबत थांबत, पण चढत होता. कुठली, कुणाची, मी बघितलं नाही. मॅनेजरचे दोन फोन येऊन गेले. अकराला तिसरा आला.

"मॅडम, साहेब पडद्यासमोर उभं हायत. झालं का न्हाई?"

"न्हाई."

"आता काय राहिलंय?"

"एक पोरगी अजून पाण्यात हाय," मी म्हटलं. "तिला भाईर येऊं द्या."